दोन भोकं

आज ओहोटी पहाटे सहा वाजून दहा मिनिटांनी.
आरोसाच्या खाडीत घोट्याच्या वर चिखल,
आणि आम्ही अठरा बायका, रबरी बूट,
बादल्या, दंताळी.
कोणी बोलत नाही. थंडीत तोंड उघडलं
की शब्दाआधी वाफच बाहेर पडते.

मी इथे नवी. आईची जागा, आईचं दंताळं.
त्याआधी विगोत चष्म्यांच्या दुकानात होते,
लोकांना विचारायची, आता स्पष्ट दिसतंय का?

सगळ्या तिसऱ्या खणतात.
मी उशियाला खणते.
धाकटी बहीण. आई गेली त्या रात्री
हॉस्पिटलात ती होती, मी नव्हते.
फोन केला तिनं सकाळी, सात वाजता.
म्हणाली, तुला झोपू द्यावं म्हटलं.
झोपू द्यावं.
हे दोन शब्द पाच महिने चावतेय मी,
वाळू आलेल्या घासासारखे.
गिळवत नाहीत,
चारचौघांत थुंकवत नाहीत.

मधेच एरुंदिनानं माझं दंताळं धरलं.
एकाहत्तर वर्षांची बाई, पकड मात्र खेकड्याची.
"फोडतेयस तू. बादलीत बघ."
बघितलं.
अर्ध्याअधिक तिसऱ्यांचे शिंपले तडकलेले.
फुटका माल लिलावात कोणी हातात धरत नाही.

मग तिनं बोटानं दाखवली
ओल्या वाळूवरची दोन भोकं, शेजारी शेजारी,
सुईनं टोचल्यासारखी.
"किती आहेत इथे?"
दोन, मी म्हटलं.
ती हसली. पुढचा दात नाही तिला.
"एकच. एका भोकानं पाणी आत घेते,
दुसऱ्यानं बाहेर टाकते.
वरून बघणाऱ्याला दोन वाटतात."

एवढंच बोलली.
माझ्या बहिणीचं नावसुद्धा काढलं नाही.
चिखलातून बूट ओढत पुढे गेली,
चप्प, चप्प.

मी तिथेच उकिडवी बसले.
पाच महिने एकाच भोकावर
घाव घालत होते की काय मी?
दंताळं ठेवलं. हात घातला, हळू,
मनगटापर्यंत थंडगार,
आणि खाली काहीतरी लागलं,
गोल, घट्ट मिटलेलं,
झोपेतल्या आईच्या मुठीसारखं.
ती मूठ शेवटी उशियानं धरली.
मी नाही.
एवढंच होतं खाली.

नाक पुसायला हात मोकळा नव्हता,
दोन्ही चिखलाचे. बाहीनं पुसलं.
बाहीही खारट.

ओहोटी संपताना माप लावतात.
खाचेतून निसटेल ती लहान, ती परत वाळूत.
फुलांचे पैसे कोणी भरले, तो राग
मापाखालचा. परत वाळूत.
आईचं निळं स्वेटर उशियानं न विचारता नेलं, तोही.
फोनचा मात्र खाचेत अडकला.
ठेवला बादलीत. काय करणार.

रात्री मिठाच्या पाण्यात तिसऱ्या.
एरुंदिनाची ताकीद होती:
अंधारात ठेव, ढवळू नकोस,
सारखं झाकण काढून बघू नकोस.
त्यांना वाटलं की त्या टाकतात वाळू.
मी दोनदा काढून बघितलं.

सकाळी तळाशी चिमूटभर वाळू.
मला वाटलं होतं पोतंभर निघेल.

उशियाला फोन लावला, सात वाजता.
मुद्दाम नाही. की मुद्दाम, कोण जाणे.
"सबेला? काय झालं?"
काही नाही. तिसऱ्या आहेत. जेवायला ये.
मग बराच वेळ तारेवर नुसता श्वास,
तिचा आत, माझा बाहेर.

आली ती. स्वेटर घालून आली.
पातेल्यातल्या तीन तिसऱ्या उघडल्याच नाहीत.
ती सुरी घ्यायला उठली.
राहू दे, मी म्हटलं,
त्या जबरदस्तीनं उघडायच्या नसतात.